स्टेअरिंगवरचं कुंकू

१८ सप्टेंबर १९८३, रविवार

आज जेवताना बांगड्याचा मधला तुकडा माझ्या ताटात आणि शेपटाकडचा भावोजींच्या. ताई मुद्दाम करते. तिला वाटतं मला बरं वाटेल. पाहुण्याला असंच आधी आणि चांगलं वाढतात, आणि मी इथे वर्षाच्या वर पाहुणा आहे. घास उतरत नाही, पण उतरवावा लागतो.

गिरणीचा संप लागला तेव्हा नलिनीला आणि पोरांना कणकवलीला गावी धाडलं, लालबागची खोली सोडली आणि मुलुंडला ताईच्या कंपनी-क्वार्टरमध्ये पथारी टाकली. तेव्हा सगळे म्हणत होते, दोन महिन्यांत मिटेल. आता कोणी काही म्हणत नाही. नलिनी पत्रात काही मागत नाही, फक्त पोरं विचारतात एवढंच लिहिते. मला एक नोकरी आणि एक खोली पाहिजे. दोन्ही या कॉलनीत आहेत, पण धोंडिरामभावोजींकडे.

भावोजी कंपनीच्या बागेचा ट्रॅक्टर चालवतात. ट्रॅक्टर म्हणजे शेतातला थोराड नव्हे. कुणा साहेबाने कधीकाळी विलायतेहून आणलेलं, कमरेएवढं यंत्र. लॉन कापायचं, खताची ट्रॉली ओढायची. आज संध्याकाळी त्यांना कारंज्याभोवती वळताना पाहिलं आणि हसू आलं. स्टेअरिंग इतकं ढिलं की अर्धा फेरा फिरवला तरी चाकांना खबर नाही. हा माणूस सरळ रस्त्यावरसुद्धा सारखं डावं-उजवं करत असतो, दळण दळल्यासारखं. घरी मी म्हटलं, "भावोजी, हे चालवता की त्याची मनधरणी करता?"

तर म्हणतात, "वळाण येवच्या आधीच हात फिरवचो लागता. ह्येका माजी सवय झाली हा, माका ह्येची."

अशाने मशीन मरतं. गिरणीत माझ्या खात्यात कुणी असं बोललं असतं तर मी त्याला दाराबाहेर काढला असता.

२६ सप्टेंबर, सोमवार

आज पाळंदेसाहेबांनी बोलावणं पाठवलं. पाळंदे म्हणजे कॉलनीचे इस्टेट ऑफिसर; बाग, क्वार्टर, पाणी, सगळं त्यांच्या हातात. म्हणाले, "धोंडिराम सांगत होता, तू गिरणीत फिटर होतास. त्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग होईल का? नाहीतर भंगारात काढायचं चाललंय. दसऱ्याच्या पूजेला मोठे साहेब येणार आहेत, त्यांच्यासमोर सरळ चालला पाहिजे."

मी म्हटलं, होईल. मग धीर करून विचारलं, झालं तर माझं काय?

"बघू. मेंटेनन्सला एक माणूस लागणारच आहे."

'बघू' एवढ्यावर मी उड्या मारत घरी आलो. कोल्हा काकडीला राजी, दुसरं काय. भावोजींनी भीड घातली ती काही माझ्यासाठी नव्हे. ट्रॅक्टर भंगारात गेला तर त्यांच्या हातात खुरपं येईल, हे त्यांना कळतं. तरी घरी मला तोंड वर करून सांगायला नको. सांगितलं नाहीच त्यांनी. भाकरी मोडत होते.

ताई मात्र म्हणाली, "पितरपाख चललो हा. नव्या कामाक आता हात घालू नको रे, जयवंता."

पितरांनी मला काय दिलं? उद्यापासून सुरू करतो.

२९ सप्टेंबर

शेड पंपहाऊसच्या मागे आहे. पुढचा भाग जॅकवर घेतला, सुंदराबाईला स्टेअरिंग फिरवायला बसवलं आणि स्वतः खाली आडवा झालो. सुंदराबाई बागेत माळीकाम करते, म्हातारी पण हाताला खंबीर. बघायचं एवढंच असतं की वर हात फिरतो आणि खाली चाक फिरतं, या दोघांच्या मध्ये हालचाल कुठे मरते. एका जागी नव्हे, सगळीकडे मरत होती. स्टेअरिंगच्या डब्यातून जो दांडा चाकाकडे जातो त्याचे दोन्ही बॉल-जॉइंट खुळखुळ्यासारखे. चाकं ज्या खुंट्यांवर वळतात त्या किंगपिनभोवतीच्या कड्या, म्हणजे बुश, झिजून लंबगोल. डब्यातले दातेही मधल्या जागी खाल्लेले.

आणि कारण काय? रंग. दर दसऱ्याला भावोजी ट्रॅक्टर रंगवतात. मी सुऱ्याने खरवडलं तर हिरव्याखाली तांबडा, तांबड्याखाली निळा, खाली परत हिरवा. ग्रीस भरायची निपलं त्या रंगाखाली गाडली गेलेली. हा माणूस नेमाने ग्रीस-गन लावायचा, ते ग्रीस बाहेरच्या बाहेर सांडायचं, आणि तो पुसून टाकायचा. देवासारखी पूजा केली आणि उपाशी मारला.

संध्याकाळी सांगितलं तेव्हा ताईसमोरच सांगितलं. भावोजींनी मान खाली घातली. "माका कोणी सांगूक नाय," म्हणाले. ताईने माझ्याकडे बघितलं, पण मी काय खोटं बोललो?

३ ऑक्टोबर

घाटकोपरला अनंताच्या गाळ्यावर गेलो होतो. अनंता माझ्याच गिरणीतला टर्नर, आता दुसऱ्याच्या लेथवर राबतो. त्याने गनमेटलचे बुश फिरवून दिले. माप सांगायच्या आत त्याला कळलं. एकेकाळी आम्ही दोघं असताना गिरणीतला विणायचा साचा बंद पडायचा नाही. चहा पिताना तो म्हणाला, "तुझं बरं आहे, बहीण आहे."

मी चहा अर्धा टाकून उठलो.

येताना कुर्ल्याच्या भंगारातून जुन्या जीपचे बॉल-जॉइंट आणले. थोडं घासून बसतील.

९ ऑक्टोबर, रविवार

सगळं जुळून आलं. बुश लाकडी हातोडीच्या ठोक्याने सुरेख आत गेले. डब्याच्या झाकणाखालच्या पातळ चकत्या कमी करत गेलो तसे दाते एकमेकांत नीट बसले. जास्त काढल्या की जड होतं, कमी काढल्या की ढिलं राहतं. एकेक काढायची, फिरवायचं, परत उघडायचं. नवी निपलं बसवली आणि त्यांच्यावर चिंधी गुंडाळली, रंगाचा थेंब पडू नये म्हणून.

दुपारी ट्रॅक्टर बाहेर काढून मी स्वतः शेडमागे फेऱ्या मारल्या. बोटभरही ढिलाई नाही. हात हलवला की चाक हललं. कितीतरी दिवसांनी मला माझे हात माझे वाटले. एकटाच होतो, म्हणून लिहायला हरकत नाही, डोळ्यांत पाणी आलं.

भावोजी पंपहाऊसच्या कोपऱ्यावर उभे राहून बघत होते. मी थांबल्यावर जवळ आले.

"बेस झाला रे. माका एक फेरी मारूक दी. हात बसाक व्हयो."

मी म्हटलं, अजून काम बाकी आहे. बाकी काही नव्हतं. पण आजच्या दिवशी त्यात दुसऱ्या कुणी बसलेलं मला नको होतं. त्यांनी बसून परत दळण दळायला लागावं आणि म्हणावं, 'हे असं आहे, तसं आहे,' छे. अख्ख्या कॉलनीसमोर, पाळंद्यांसमोर, मोठ्या साहेबांसमोर एकदाच दिसू दे काय केलंय ते.

१२ ऑक्टोबर

भावोजींनी आज परत विचारलं. शेडची किल्ली माझ्याकडे आहे. मी म्हटलं, रंग ओला आहे.

"सकाळी बसान बगतंय तर."

"भावोजी, स्टेअरिंगच फिरवायचं आहे ना? आता तर लहान पोरसुद्धा फिरवील. आधी अवघड होतं."

हसले. त्यांना राग येत नाही हीच पंचाईत आहे. माणसाला राग आला की भांडता तरी येतं.

रात्री ताई म्हणाली, एक फेरी मारू दे ना त्यांना, तुझं काय जातं? मी म्हटलं, ताई, तुम्ही दोघांनी मला सांभाळलंत ते ठीक आहे, पण माझ्या कामात पडू नका. तिने माझी चादर झटकून घातली आणि गेली.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज एक शक्कल लढवली. भावोजी आज परत येणार हे मला माहीत होतं. उद्या खंडेनवमी. हत्यारं एकदा पूजेला लागली की नारळ फुटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हे आमच्यात पोराटोरालाही ठाऊक. गिरणीतसुद्धा त्या दिवशी पाना उचललेला कुणाला आवडत नसे.

मी ताईला म्हटलं, उद्या सकाळी गर्दी होईल, तू आत्ताच ट्रॅक्टर पूजेला लाव. ती म्हणाली, आज अष्टमी, उद्याच लावतात. मी म्हटलं, एक दिवस आधी लावला तर देव काय परत पाठवणार आहे? ती हळद-कुंकवाची कोयरी घेऊन आली. स्टेअरिंगला बोटाने कुंकू लावलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, झेंडूचं फूल ठेवलं. माझे पाने, हातोडी, जॅक पुढे मांडले. तिला वाटलं माझी भक्ती वाढली.

दुपारी लॉनचं काम संपवून भावोजी आले. अंगावर धुतलेला शर्ट होता. ट्रॅक्टरवर बसायला म्हणून खास घातला असावा. दारातच थबकले. स्टेअरिंगवरचं कुंकू बघितलं, चपला काढल्या, हात जोडले आणि आल्या पावली गेले.

माझी युक्ती अगदी अचूक बसली. गिरणीत इतकं अचूक काम क्वचित व्हायचं.

१५ ऑक्टोबर, खंडेनवमी

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

मोठे साहेब आले, नारळ फुटला, पाळंद्यांनी त्यांना ट्रॅक्टर दाखवला, माझं नाव घेतलं. साहेबांनी स्वतः स्टेअरिंग हलवून बघितलं आणि मला म्हणाले, व्हेरी गुड. चाकाखाली लिंबं ठेवली. भावोजी वर बसले. फाटकापासून कारंज्याला वळसा घालून परत यायचं, दर वर्षीसारखं. बायका-पोरं नवे कपडे घालून कडेला उभी होती.

सरळ गेले तोवर ठीक. तरी हात सारखे डावे-उजवे चाललेच होते आणि ट्रॅक्टर सापासारखा जात होता. लोक हसायला लागले. कारंज्याशी वळण आलं. भावोजींनी नेहमीसारखा, वळणाच्या आधीच, अर्धा फेरा फिरवला. ट्रॅक्टर जागच्या जागी गरकन आत वळला, कठड्याची वीट फोडून कडेला गेला. तिथे आरतीचं ताट घेऊन सुंदराबाई उभी होती. पुढचं चाक तिच्या पावलावरून गेलं.

तिचा आवाज फार मोठा नव्हता. ताट पडलं त्याचाच मोठा झाला.

तिला इस्पितळात नेलं. पायाची हाडं मोडली आहेत, या वयात किती जुळतील कोण जाणे. मी मागे थांबून ट्रॅक्टर तपासला. बुश जागेवर, जॉइंट जागेवर, दाते जागेवर. माझ्या कामात काडीचा दोष नाही.

१७ ऑक्टोबर, सोमवार

पाळंद्यांनी दोघांनाही ऑफिसात उभं केलं. त्यांना एकच कळून घ्यायचं होतं. "स्टेअरिंग अडकलं का, धोंडिराम? अडकलं असेल तर ज्याने दुरुस्त केलं त्याची जबाबदारी. नीट आठवून सांग. ट्रायल घेतली होतीस का तू?"

भावोजींनी माझ्याकडे बघितलं नाही.

"स्टेअरिंग एकदम झकास आहे, साहेब. ट्रायल घेतली होती. माझाच हात चुकला. वय झालं."

ट्रायल घेतली होती म्हणाले. ते का म्हणाले कळलं नाही. घाबरून काहीतरी बोलून गेले असतील. पण चूक कबूल केली, तेवढा प्रामाणिकपणा आहे म्हणायचा. नाचता येईना तेव्हा अंगण वाकडं म्हणाले नाहीत.

त्यांना ट्रॅक्टरवरून काढलं. खुरपंही दिलं नाही. राजीनामा द्या, म्हणजे फंडाचं सगळं नीट मिळेल, असं सांगितलं.

घरी ताईने विचारलं, काय झालं? भावोजींनी सांगितलं, आता गावाक जावया, आंब्याची कलमां बगूया. जसं काही सहलीला निघालेत.

२५ ऑक्टोबर

ट्रॅक्टर मला दिला. आधी टेम्पररी, सहा महिन्यांनी पक्का. पाळंदे म्हणाले, "आणि क्वार्टर कुटुंबातच राहू द्यावं, मेहुणा कामाला आहे, असा अर्ज धोंडिरामने केलाय. मी मंजूर करतोय. नशीबवान आहेस."

मला अर्जाचं ठाऊकच नव्हतं. बाहेर आलो आणि कळेना आनंद कुठे ठेवू. नलिनीला पत्र टाकलं, ये म्हणून. नोकरी आणि खोली, दोन्ही. जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं, आणि घरी येऊन सांगायला तोंड उघडेना. भावोजीच म्हणाले, "कळला माका. बरा झाला."

मला त्यांचा असा संताप आला. मनातून आनंद झालेला नाही हे कबूल तरी करावं माणसाने. एक शिवी द्यावी. देत नाहीत.

६ नोव्हेंबर, भाऊबीज

ताईने ओवाळलं. पाट मांडला, अक्षता लावल्या, सगळं रीतीप्रमाणे. फक्त दर वर्षी ओवाळताना काहीतरी थट्टा करते ती केली नाही. माझ्या कपाळाला कुंकू लावताना तिचं बोट थोडं थांबलं. मग तिने लावलं.

मी ओवाळणी घातली ती तिने पदराला बांधली. भावोजी बाहेर बसून बोचकी बांधत होते.

सुंदराबाईला भेटायला गेलो नाही. भावोजी जातात रोज.

२० नोव्हेंबर, रविवार

आज ते गेले.

सामान फार नव्हतं, पण ट्रंक आणि बोचकी फाटकापर्यंत न्यायला मी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. एस.टी.च्या स्टँडवर जायला फाटकाशी टॅक्सी येणार होती. ताई ट्रॉलीत ट्रंकेवर बसली. भावोजी खालीच उभे. ट्रॅक्टरकडे बघत होते, मग नजर काढून घेतली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "भावोजी, चालवताय?"

त्यांनी कोणी दिसतंय का म्हणून आधी इकडेतिकडे पाहिलं. मग चपला काढून वर बसले. मी पायरीवर उभा राहिलो. सुरुवातीला तसंच, डावं-उजवं, आणि ट्रॉली मागे डुलायला लागली. पंपहाऊस येईपर्यंत हात शांत झाले. कारंज्याशी वळण आलं. वळणाच्या आधी त्यांचा हात उचलला गेला आणि तसाच थांबला. वळण आल्यावर त्यांनी स्टेअरिंग हवं तेवढंच फिरवलं. ट्रॅक्टर कठड्याच्या नव्या विटांपासून हातभर लांबून, लोण्यातून सुरी जावी तसा गेला. इतका सफाईदार तो माझ्याच्याने वळत नाही.

फाटकाशी उतरून त्यांनी चपला घातल्या आणि बॉनेटवर हात ठेवला. "बेस बसवलंस रे, जयवंता. निपलांवर रंग मारू नको."

टॅक्सीत सामान चढवलं. मी ताईच्या पाया पडलो. तिने डोक्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच त्या गोष्टीवर बोलली.

"एकच फेरी मागत होते रे ते तुझ्याकडे."

टॅक्सी गेली. मी ट्रॅक्टर परत आणून शेडमध्ये लावला. स्टेअरिंगच्या खाचेत खंडेनवमीचं कुंकू अजून अडकलेलं आहे. चिंधीला रॉकेल लावून घासलं, टोकाने खरवडलं, निघत नाही. उद्या ड्यूटीवर तेच हातात धरायचं.

खोलीत आलो. ताईने सगळे डबे घासून भरून ठेवले आहेत: तांदूळ, पीठ, कुळीथ. नलिनीला सोपं जावं म्हणून प्रत्येक डब्यावर खडूने खूण. फळीवर झाकून दोन भाकऱ्या आणि तळलेला बांगडा. मधला तुकडा.

तो तसाच झाकून ठेवला आहे. नलिनी परवा पोरांना घेऊन येते. ती पहिल्यांदा विचारेल, भावोजींना का काढलं. ट्रायल न घेता चालवला म्हणून, असं सांगायला लागलो तर ती विचारेल, का नाही घेतली?